नव्वद टक्क्यांचा कारखानदार

भालकीच्या बसस्टँडवर उतरून कुणालाही "कारखाना कुठं आहे?" असं विचारलं, की उलटा प्रश्न येतो, "साखरेचा का कारखानदाराचा?" साखरेचा असेल तर रिक्षा बघावी लागते. कारखानदाराचा असेल तर विचारणाऱ्याकडे जरा दयेनं पाहिलं जातं आणि "काय, ॲडव्हान्स दिलाय काय?" अशी आपुलकीची चौकशी होते.

आमचा कारखानदार चाळिशीला टेकलेला. शर्टाच्या खिशात पेन, सहा इंची पोलादी पट्टी आणि व्हर्नियर कॅलिपर. हे त्रिकूट अंगावरून उतरतं ते फक्त आंघोळीला. लग्नाच्या पंगतीत पाण्याचा ग्लास समोर आला की हा आधी त्याच्या कडेची जाडी मोजतो आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगतो, "पत्रा पातळ केलाय. पूर्वी असा नव्हता." स्वतःच्या लग्नात गुरुजींनी मंगळसूत्र हातात ठेवलं, तेव्हा त्यानं ते आधी उजेडाकडं धरून बघितलं होतं. "सांधा कच्चा आहे" हे तो बायकोशी बोललेलं पहिलं वाक्य. वहिनी ही गोष्ट आल्यागेल्याला सांगतात. तो सांधा दुसऱ्याच वर्षी सुटला, एवढं मात्र सांगत नाहीत.

कारखाना म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेड. अप्पा, म्हणजे त्याचे वडील, तिथं तुरीची पोती आणि कडबा ठेवत. एका कोपऱ्यात आजही पोती आहेतच, कारण अप्पांच्या मते शेड तात्पुरतं दिलेलं आहे. दारावर पाटी होती. वर कन्नड, खाली मराठी, त्याखाली इंग्रजी, सगळी अक्षरं कारखानदारानं स्वतःच्या हातानं काढलेली. २०२४ साली कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड हवंच असा कायदा आला, तेव्हा बाजारातल्या दुकानदारांनी पेंटर बोलावला आणि दिवेलागणीच्या आत विषय संपवला. आमच्या माणसानं अक्षरांचं क्षेत्रफळ काढलं. कन्नड अठ्ठावन्न टक्के भरलं. पाटी खाली उतरली, ती आजतागायत आत भिंतीला टेकून उभी आहे. बाहेर दोन रिकामे खिळे.

"पाटीचं काय झालं रे?" म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "झालीय की. नव्वद टक्के."

या माणसाचं कुठलंही काम शून्यावर नसतं आणि शंभरावरही नसतं. सकाळी विचारा, नव्वद. दिवाळीला विचारा, नव्वद. गेल्या दिवाळीला नव्वद होतं याची आठवण करून दिली तर चेहऱ्यावर जराही ओशाळेपण न आणता सांगतो, "ते वेगळं नव्वद होतं." राहिलेल्या दहा टक्क्यांना तो "एक हात" म्हणतो. "अजून एक हात मारला की झालं." असे किती हात मारले याचा हिशेब त्याच्याकडं नाही, आणि या माणसाची सगळी गंमत न् सगळा घोळ इथंच आहे. पण त्या हिशेबाकडं वहिनींच्या वहीतून यावं लागतं, म्हणून तो जरा नंतर.

हा इंजिनियर झाला भालकीतच. पुण्याला हिंजवडीत नोकरी लागली. सगळ्यांना वाटलं, आता वाकडला फ्लॅट आणि मे महिन्यात कारनं गावी येणं. फ्लॅट काही आला नाही, हाच परत आला. येताना एक बॅग, एक ड्रिल मशीन आणि एक बेत घेऊन आला. भालकीत हातानं स्की बनवायच्या.

स्की म्हणजे बर्फावरून घसरण्यासाठी पायाला बांधायच्या लांब पट्ट्या. भालकीकराला बर्फ ठाऊक तो रसवंतीवरचा, बारदानात गुंडाळलेला. अप्पांनी अगदी शांतपणे विचारलं, "इथं घसरायला बर्फ कुठाय रे?" उत्तर तयार होतं. बर्फ गुलमर्गला आहे, औलीला आहे. माल इथून जाईल. तूर आपण सगळी इथंच खातो काय?

पुरावा म्हणून त्याच्याजवळ अमेरिकेतली दोन माणसं होती. पहिला हॉवर्ड हेड. बाल्टिमोरच्या विमान कारखान्यात नोकरीला असलेला हा इंजिनियर लाकडी स्कींच्या वजनाला वैतागला आणि विमानाच्या धर्तीवर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांत हलका गाभा घालून स्की करायला बसला. केलेल्या स्की मोडल्या, पुन्हा केल्या, पुन्हा मोडल्या. १९५०च्या सुमारास जमल्या आणि मग जगभर गेल्या. दुसरा जेक बर्टन. न्यूयॉर्कची नोकरी सोडून १९७७ साली व्हरमाँटमध्ये स्नोबोर्ड बनवायला लागला. स्की दोन असतात, स्नोबोर्ड एकच, दोन्ही पाय त्याच्यावर आडवे. हे दोघे आमच्या कारखानदाराच्या तोंडी इतके असतात, की लग्नपत्रिकांच्या यादीत त्यांची नावं यायचीच काय ती राहिलीत. "हेडनं काय केलं माहिताय?" अशी सुरुवात झाली की घरातली माणसं हळूहळू आपापल्या कामाला उठतात. एकदा वहिनी तेवढ्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "हेडच्या बायकोनं काय केलं, ते सांगा एकदा." त्यावर त्याच्याकडं माहिती नव्हती.

अप्पांनी वेगळाच प्रश्न काढला. हेडनं भांडवल कुठून आणलं? कारखानदार प्रामाणिक माणूस. पोकरमध्ये जिंकलेले सहा हजार डॉलर होते, हे त्यानं सांगून टाकलं. "म्हणजे पत्ते," अप्पा म्हणाले. "मग तू बी आधी पत्तेच खेळ. स्कीचं मागून बघू."

तरी एक जोडी झालीच. आत लाकडाचा गाभा, वरखाली फायबरग्लास, सगळ्यांत इपॉक्सी मुरलेलं, तळाला पॉलिथिलीन, कडांना पोलादाची पट्टी. हे सगळे थर साच्यात घालून तापवत दाबायचे, म्हणजे मधोमध हवी तशी कमान धरते. गाभ्याला तिकडं ॲश, मेपल असली लाकडं घेतात. इथं बाभूळ. बैलगाडीची चाकं बाभळीची टिकतात तर स्की का टिकणार नाही, असा बिनतोड सवाल होता. प्रेस केला ट्रकच्या दोन जॅकचा. चाचणी ठरली शेतात, सोयाबीनच्या भुशाच्या ढिगावर. मऊ तर मऊ, उतार तर उतार. गल्लीतली झाडून सगळी पोरं हजर. कारखानदार वर चढला, स्की बांधल्या, दोन्ही हात पसरले आणि अंग पुढं झोकलं. स्की जागच्या हलल्या नाहीत. भुसा मात्र सगळा खाली आला आणि भुशाबरोबर कारखानदार. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाकातला भुसा काढत तो म्हणाला, "घर्षण जास्त झालं. बाकी नव्वद टक्के जमलंय."

त्या जोडीतल्या एका स्कीवरून अप्पांची लुना उंबरा चढते. दुसरीवर उन्हाळ्यात कुरडया वाळतात. दोघींनीही आजवर तक्रारीला जागा दिलेली नाही.

स्कीच्या पट्टीला चांगलं पोलाद मिळेल का, हे बघायला तो बिदरला गेला आणि चौबाऱ्याकडच्या एका गल्लीत भलत्याच दुकानासमोर थबकला. आत एक चाचा जमिनीवर बसून एका सुरईवर छिन्नीनं वेल कोरत होते. समोर कागद नाही, खडू नाही, नकाशा नाही. नुसता हात चाललेला. हा उभाच राहिला. चाचांनी दुपारचा डबा उघडला तरी उभा. शेवटी चाचांनीच विचारलं, "लेना है, या देखना है?" हा म्हणाला, "सीखना है." चाचांनी त्याचे तळहात उलटेपालटे करून पाहिले. "इंजिनियर हैं क्या?" त्यांना कळलं कसं, हे कोडं त्याला अजून सुटलेलं नाही. आम्हा सगळ्यांना सुटलेलं आहे. खिशातला व्हर्नियर.

तेव्हापासून कारखाना बिदरीचा. शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या पाहुण्याला चहा येईपर्यंत सगळा इतिहास ऐकावा लागतो. बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आताच्या कलबुर्गीहून, बिदरला हलवली, आणि त्यांच्या आश्रयानं हे काम इथं रुजलं. २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या कारखानदारानं गल्लीत पेढे वाटले. घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटलं, पद्मश्री यालाच मिळाली. त्यानंही फार ताणून खुलासा केला नाही.

चहा आला की कृती सुरू होते. सोळा भाग जस्त, एक भाग तांबं, असा साधारण मेळ. जस्त ४१९ अंशांना वितळतं, तांब्याला हजाराच्या वर लागतं, तेव्हा दोघांचा संसार जमवायचा म्हणजे बघा, असं म्हणून तो वहिनींकडं बघतो. साच्याच्या मातीत राळ आणि एरंडेल घालतात. पहिल्यांदा त्यानं किराणा दुकानात एकदम पाच लिटर एरंडेल मागितलं, तेव्हा दुकानदारानं काळजीनं विचारलं होतं, "घरात सगळ्यांचीच पोटं धरलीत काय?" ओतलेली वस्तू कानशीनं साफ करायची, मोरचूद चोळून तात्पुरती काळी करायची, म्हणजे कोरलेली रेघ पांढरी उमटून दिसते. मग राळेवर घट्ट बसवून छिन्नीनं नक्षी कोरायची आणि त्या खाचांत चांदी ठोकून बसवायची. तार असेल तर तारकशी, पत्रा असेल तर तहनिशान. मग पुन्हा घासायचं. या टप्प्याला सगळी वस्तू एकाच फिकट रंगाची होते, एवढी कोरलेली नक्षी दिसेनाशी होते, आणि नवखा माणूस "आता गेलं सगळं" म्हणून हबकतो.

खरी गोष्ट त्याच्या पुढं आहे. बिदरच्या किल्ल्यातली माती. जुन्या बांधकामाच्या आतली, वर्षानुवर्षं ऊन न लागलेली, पाऊस न पडलेली. ती नवसागराबरोबर पाण्यात कालवायची आणि कोमट केलेल्या वस्तूवर चोळायची. धातू काळाभोर होतो, चांदीला काहीसुद्धा होत नाही. आणि कुठली माती चालेल, कुठली नाही, हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात.

इथं आमच्यातला इंजिनियर जागा झाला. त्यानं मातीचे नमुने डब्यांत भरले, डब्यांना नंबर दिले, लॅपटॉपवर तक्ता केला. खारट, तुरट, आंबट, प्रत्येकाला दहापैकी गुण. चाचांनी तक्ता कौतुकानं पाहिला, हाताचं बोट दोन नंबरच्या डब्यात बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "ये." बाकीचे डबे बाजूला सारले. "मट्टी कू तराजू नै लगता इंजिनियर साब, जबान लगती."

तेव्हापासून याला दिसेल ती माती चाखायची सवय लागली. येळवशीला आमच्याकडं सगळा गाव शेतात असतो. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. पाहुणे बोलावलेले. कारखानदाराचा पत्ता नाही. शोधलं तर हा जुन्या पडक्या विहिरीच्या आत, पायरीवर बसून भिंतीची माती खरवडून जिभेवर ठेवलेली, डोळे मिटलेले. अप्पा काठावरून वाकून बघत राहिले. मग पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "चला, जेवून घेऊ. त्याचं झालंय." परतताना बैलगाडीत एवढंच बोलले, "नोकरी सोडली तवाच म्हटलं होतं, हा माती खाणार. पर इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं."

पण ज्या क्षणासाठी हे सगळं, तो क्षण बघितला पाहिजे. वस्तू चुलीवरून उतरवलेली. हा तिच्यावर ते मातीचं पाणी चोळतो, चोळता चोळता ओरडतो, "आलं! आलं! या सगळे!" वहिनी कणकेचे हात तसेच घेऊन येतात. आई माळ हातात घेऊन येतात. अप्पा "मी काय बघायचंय?" म्हणत सगळ्यांच्या पुढं येऊन उभे राहतात. धातू डोळ्यांदेखत काळवंडत जातो आणि मघाशी हरवलेली वेल पानापानानं वर येते. प्रत्येक वेळी हेच होतं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीही हेच होत असणार. तरी याचा आवाज दर वेळी तसाच चढतो आणि घरातली माणसं दर वेळी येतात. मग तो खोबरेलाचं बोट फिरवतो, वस्तू खिडकीकडं धरतो, आणि आता हा "झालं" म्हणणार असं वाटत असतानाच डोळा बारीक करतो. "ही देठाची रेघ... अजून एक हात मारायला पाहिजे."

वस्तूंचे प्रकार मात्र काळाबरोबर. "सुरई आता कोण घेतं? स्टार्टअपनं गरज ओळखली पाहिजे," असं म्हणून त्यानं बिदरीचं मोबाइलचं कव्हर केलं. दिसायला असं, की हातातून खाली ठेववेना. पण सगळा जस्ताचा मामला. ज्या मित्रानं ते वापरून बघितलं, त्याच्या नेहरू शर्टाचा खिसा तिसऱ्या दिवशी शिलाईसकट खाली आला. पुढं पेनड्राइव्ह झाला, कानातले झाले, टेबलावरचं कॅलेंडर झालं, ज्यात तारीख बदलायला दोन्ही हात लागतात. बिघडलेले नग फेकून दिले जात नाहीत. आमच्या गल्लीत लोणच्याच्या बरणीवर दडपण, पिठाच्या गिरणीत पावत्यांवर वजन, मारुतीच्या देवळाच्या दाराला अटकण, जे दिसेल ते बिदरीचं. बहामनी सुलतानांच्या घरी नसेल एवढी बिदरी आमच्या गल्लीत दाराखाली आहे.

आता विक्री. दुकानदाराच्या चेहऱ्यावर गिऱ्हाईक आलं की तेज येतं. याचा चेहरा पडतो. कुणी "केवढ्याला?" विचारलं, की हा आधी वस्तूतले दोष सांगतो. उजेडाकडं धरून दाखवतो. समोरच्याला न दिसलेला दोष दिसेपर्यंत सोडत नाही. आणि मग त्यातूनही गिऱ्हाईक घ्यायला तयारच असेल तर म्हणतो, "आपल्या माणसाला कसले पैसे!" भालकीत सगळीच आपली माणसं. औरादला मावशी, हुमनाबादला मामा, उदगीरला सासुरवाडी. परक्याला विकायचं तर किमान हैदराबादला जावं लागेल.

एकदा मोठी ऑर्डर आली होती. कुठल्याशा कंपनीला दिवाळीला वाटायला पन्नास नग हवे होते, सगळे एकसारखे, वर कंपनीचं बोधचिन्ह. अप्पांनी त्या दिवशी स्वतःहून दोन पोती शेडबाहेर काढली, एवढा घरात विश्वास. कारखानदारानं पहिला नग केला. दुसरा केला. दुसरा पहिल्यापेक्षा सरस उतरला, म्हणून पहिला मोडून पुन्हा केला. मग तिसरा दोघांपेक्षा सरस. त्यात बोधचिन्हातलं एक वळण त्याच्या डोळ्यांना खुपायला लागलं. त्यानं कंपनीला कळवलं, की तुमच्या चिन्हात डाव्या बाजूला तोल जातोय, सुधारून सोबत जोडतोय, मान्य असेल तर पुढं जातो. कंपनीनं मिठाई वाटली. पोती आत आली.

चाचांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. कारागिरीत याच्या दसपट असलेला हा माणूस ठरल्या दिवशी माल बांधून देतो, पैसे मोजून घेतो आणि दुसऱ्या कामाला बसतो. "बनाना एक हुनर है बेटा," ते म्हणाले, "छोड़ना दूसरा. तुम एकीच सीखे."

वहिनी सरकारी मराठी शाळेत शिकवतात. घर त्यांच्या पगारावर चालतं, यावर घरात कुणी बोलत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. शेडची वहीही त्याच लिहितात. जस्त इतकं, तांबं इतकं, चांदी, कोळसा, पॉलिश पेपर. चांदी किलोला लाखाच्या वर गेली तेव्हा त्यांनी जुन्या भावात कबूल केलेल्या वस्तूंवर लाल पेनानं गोल केले. याचं म्हणणं, शब्द दिलाय. मग त्यांनी पानाच्या शेवटी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, "मजुरी". म्हणाल्या, "कर्णफुलांच्या एका जोडाला तुमचे किती तास गेले?" हा गप्प. खरंच विचारात पडला. "तास कसे सांगू? मी काम करत होतो."

मला विचाराल तर हे वाक्य म्हणजे सगळा कारखानदार. चांदीचा चुरा तो कुंचल्यानं झाडून परत जमा करतो, कोळशाचे अर्धवट जळलेले तुकडे वेगळे काढतो, पाव ग्रॅमचा हिशेब त्याला तोंडपाठ. फक्त स्वतःचा हात त्या हिशेबात धरता येत नाही. तो रकाना अजून कोरा आहे. वहिनी दर महिन्याला नवं पान लावतात आणि दर महिन्याला तो रकाना न चुकता आखतात.

ही माणसं काही भालकीतच पिकतात असं नाही. कलबुर्गी जिल्ह्यात शहाबादला याचा एक लांबचा भाऊबंद आहे. ज्या फरशीवर अख्ख्या महाराष्ट्राची बालपणं रांगली, त्या शहाबादी फरशीपासून तो भिंतीवरची घड्याळं घडवतो. घड्याळ देखणं, वेळ अचूक, पण त्याला पेलणारी भिंत अजून सापडायची आहे. आळंदला एक जण सागवानी लाकडाची सायकल करतोय. सायकल झालीय, ब्रेक राहिलेत. त्यानं सायकलीला घंटी आधी बसवली. हे तिघं एखाद्या लग्नात भेटले की वधूवरांकडं पाठ करून बसतात आणि मांडवाच्या खांबांचे सांधे बघतात.

आता एवढं सगळं असून गावानं याला वाया गेलेला का म्हटलं नाही? त्याचं कारण शेडच्या दारात सकाळी आठला बघावं. कुणाच्या मिक्सरचा कपलर झिजलाय, कुणाच्या पंपाचा व्हॉल्व्ह गळतोय, शाळेच्या घंटेचा लोलक तुटलाय, ग्रामदेवतेच्या पालखीच्या चांदीच्या पत्र्याला चीर गेलीय. माणसं वस्तू ठेवून जातात, "सवडीनं बघ" म्हणतात. याला सवडीनं बघणं माहीतच नाही. कंपनीची ऑर्डर बाजूला सारून हा मिक्सर उघडतो. तो कपलर असा बसवून देतो, की मिक्सरवाल्या कंपनीनं बघून घ्यावा. पैसे विचारले तर पुन्हा तेच, आपलं माणूस. वर सुसल्याची प्लेट आणि मिरची भजी कुणी आणून दिली तर मात्र नाही म्हणत नाही. आणि गंमत म्हणजे ही कामं तो शंभर टक्के पुरी करून देतो. दुसऱ्याच्या वस्तूत त्याला दोष दिसला की तो काढतो आणि मोकळा होतो. स्वतःच्या वस्तूत दिसला की तिथंच मुक्काम करतो.

तेव्हा तुम्हाला त्याच्याकडची एखादी वस्तू खरंच हवी असेल, तर रीत सांगून ठेवतो. "कधी होईल?" विचारू नका, नव्वद टक्के कळेल. "केवढ्याला?" विचारू नका, दोष कळतील. तो मिक्सर उघडून बसलेला असताना जावं, फळीवरची आवडलेली वस्तू उचलावी, थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन वहिनींना दाखवावी. त्यांच्याकडं भावाची यादी आहे, आणि कोऱ्या रकान्याचा अंदाज त्यांनी आपल्या मनानं त्यात धरलेला आहे. त्या सांगतील ते पैसे मोजावेत, घासाघीस करू नये, आणि मागच्या दारानं निघावं. बस लागलेलीच असेल तर उत्तम. नसेल, तर बसस्टँडवर कुठंतरी खांबाआड उभं राहावं. कारण अर्ध्या तासाच्या आत अप्पांची लुना येते, तिच्यावर कारखानदार असतो, हातात पॉलिश पेपर असतो, आणि तो प्रत्येक बसच्या खिडकीशी जाऊन विचारत असतो, "अहो, ती डबी कुणी नेलीय? दोन मिनिटं द्या फक्त. एक हात राहिलाय."